बोरघाटाचा ठेका व लहान ठेकेदार

सनदा, महजर व वतनपत्रें यांच्या शोधांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्या आमच्या वाचकांस एखाद्या ठेकेदाराची हिशेबवही क्षुद्र वाटण्याचा संभव आहे. परंतु बांधकामें देण्याच्या रीतीमुळें कोणतीं घराणीं वर आलीं व कोणतीं मुकादमीवरच राहिलीं, हें अशा वह्यांवरूनच कळावयाचें. बोरघाटाच्या लोहमार्गाचें उदाहरण घेऊं.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीनें घाटाची सुमारें १५ मैलांची चढण एकाच ठेक्यांत दिली. चढ १८३१ फूट, बोगदे २५. इ. स. १८५५ सालीं हा ठेका विल्यम फेव्हिएल या इंग्रज ठेकेदारास मिळाला व १८५६ च्या आरंभीं काम सुरू झालें. एवढ्या कामास हत्यारें, सुरुंगाची दारू व हजारों मजुरांची मजुरी आधीं पदरची घालावी लागे. लहान माणसाची ती ऐपत कोठून असणार? तो पोटठेकेदार म्हणून शिरला. कंपनीचा पैसा काम मोजून झाल्यावर येई, आणि तोही वरून खालीं झिरपत. मजूर मात्र थांबत नाहीं. जानेवारी १८५९ मध्यें मजुरीच्या तंट्यावरून दंगा झाला, आणि मार्चांत फेव्हिएलनें ठेका सोडला. पुढें तो सॉलोमन ट्रेडवेल यानें घेतला; तोही हिंदुस्थानांत येतांच थोड्याच दिवसांत वारला. त्याची विधवा ॲलिस हिनें ॲडमसन व क्लाउसर या व्यवस्थापकांकरवीं काम तडीस नेलें, व १८६३ सालीं घाट खुला झाला. बाईंचें धैर्य थोर खरें. परंतु त्यांस वारशानें ठेका तरी मिळाला. पोटठेकेदाराचें नांव कंपनीच्या करारांतच नव्हतें. त्याच्या मुलास काय मिळणार?

घाटाबाहेर मात्र कंपनीनें मार्गाचे तुकडे पाडून अनुक्रमानें ठेके दिले. मुंबई ते ठाणें हा पहिला फेव्हिएल व फाउलर यांचा. याच पद्धतीमुळें जमशेटजी दोराबजी नायगामवाला या पारशी गृहस्थास कंपनीचीं कामें स्वतःच्या नांवानें घेतां आलीं. पुरें केलेलें काम ज्याच्या नांवावर नोंदलें जातें, त्यासच पुढचें काम मागतां येतें. आमच्या मतें भांडवलाइतकेंच महत्त्व या नोंदीस आहे.

हीच गोष्ट चाळीस वर्षांनीं बार्शी लाईट रेल्वेवर दिसते. तेथें मातीकामाचे लहान ठेके निघत. त्यांस बोगद्यांचीं यंत्रें नकोत. कुदळी, घमेलीं व माणसें पुरत. रेल्वेंत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक यांस मोजणी व दर ठाऊक होते, आणि सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्यामागें घरची सावकारी पत होती. दोघांची भागी विसाव्या शतकाच्या आरंभीं तशाच एका लहान कामावर उभी राहिली. इ. स. १९२० च्या सुमारास टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली, तींत वालचंदांचा हात होता. आणि त्याच बोरघाटांतील नव्या बोगद्यांचें काम तिनें केलें! १९२६ सालीं हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली.

म्हणून संग्राहकांस विनंति, कीं जुन्या वाड्यांतून दप्तरें उचलतांना ठेक्याच्या वह्या रद्दींत टाकूं नयेत. वहींत मोजणीची तिथि व पैसे पोंचल्याची तिथि शेजारीं शेजारीं आढळल्यास त्या दोहोंमधील दिवस मोजून टिपून ठेवावे.