थडग्याची निगा

घोडबंदर रस्त्यावरच्या मानपाड्यापासून आपण डोंगराला वळसा घालून बोरिवलीच्या एकसरला गेलो, की समुद्रयुद्ध कोरलेले वीरगळ दिसतात. वीरगळ म्हणजे कबर नव्हे, पण मृताच्या नावाने दगड उभारून तो सांभाळण्याची आपल्याकडची परंपरा इथून उलगडते. तळाशी वीराचे मरण, त्यावर त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवपूजा. अनेक वीरगळांच्या माथ्यावर चंद्रसूर्य असतात, कारण स्मृती आचंद्रार्क टिकावी. गाव पुढे वीराचे नाव विसरले, तरी त्याने दगडाला शेंदूर लावणे सोडले नाही. निगेची याहून बळकट रीत मला ठाऊक नाही.

एप्रिल १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन ख्रिस्ती साधू मारले गेले. त्यांचा सोबती धर्मोपदेशक जॉर्डनसने त्यांना सोपाऱ्याला पुरले, आणि थोड्याच वर्षांत प्रवासी साधू ओडोरिक त्यांच्या अस्थी उकरून थेट चीनला घेऊन गेला. पोर्तुगीज आल्यावर ख्रिस्ती मृतांना चर्चच्या फरशीखालीच जागा मिळू लागली. झाडू फिरला, की थडगेही झाडले जाई. १७३९ साली वसई मराठ्यांनी घेतली. पुढे किल्ल्यातल्या चर्चांची छपरे गेली आणि पोर्तुगीज अक्षरांच्या त्या शिळांवर पाऊस पडू लागला.

इंग्रजी अमदानीत दफन हा पालिकेचा विषय झाला. १८६०च्या दशकात मुंबईचे पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकिर्दीत शिवडीला जी दफनभूमी झाली, ती मुळात बागायती मंडळाची बाग होती. नोंदवही, वाफ्यांचे क्रमांक, कुंपण हे सारे याच काळातले. थडग्याची उंची किती असावी, क्रूस कुठे रोवावा, हेही नियमाने ठरू लागले. महानगरात जागा आटली, तशी कायमची कबर दुर्मीळ झाली. आता काही वर्षांनी अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि तीच माती दुसऱ्याला देतात. चंद्रसूर्य कोरणाऱ्यांच्या मुलखात हा बदल मला फार जड वाटतो.

तरी २ नोव्हेंबर येतोच. सर्व मृतांचा हा स्मरणदिन फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाधिपती ओडिलोने रुजवला, तो अंबरनाथचे शिवालय (१०६०) उभे राहिले त्या काळाच्या थोडा आधी. आदल्या दिवशी माणसे बादली आणि खराटा घेऊन येतात. संगमरवरावर साठलेले मेण बोथट सुरीने खरवडतात, अक्षरांत अडकलेली माती काडीने काढतात, मग झेंडूच्या पाकळ्यांचा क्रूस मांडतात. प्लॅस्टिकची फुले नकोत, मेणबत्त्या वाळूच्या ताटात लावा, असे सांगावे लागते ते याच दिवशी. अंधार पडला, की शेजारच्या निनावी कबरीवरही कोणी एक मेणबत्ती लावून जाते.