लहान दैनिक, मोठे क्रीडालेखक : 'फोर्ट वर्थ प्रेस'चा क्रीडा विभाग

वृत्तपत्रांचा इतिहास अभ्यासताना आपले लक्ष साहजिकच मोठ्या दैनिकांकडे जाते. खप, मालक, राजकीय वजन यांच्या नोंदी त्यांच्याच बाबतीत भरपूर सापडतात. पण लेखक कुठे घडले, असे विचारले तर उत्तर पुष्कळदा शहरातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या, पैशाची ओढाताण असलेल्या पत्रात मिळते. क्रीडालेखनात याचे एक ठळक उदाहरण अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या फोर्ट वर्थ शहरात आहे.

१९५०च्या दशकात तेथील 'फोर्ट वर्थ प्रेस' या सायंदैनिकात ब्लॅकी शेरॉड हे क्रीडा संपादक होते. त्यांच्या हाताखाली डॅन जेन्किन्स, बड श्रेक आणि काही काळ गॅरी कार्टराइट हे तरुण काम करीत. पुढे जेन्किन्स आणि श्रेक 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या राष्ट्रीय साप्ताहिकात गेले. जेन्किन्स यांची 'सेमी-टफ' ही कादंबरी १९७२ मध्ये गाजली. श्रेक यांनी कादंबऱ्या व पटकथा लिहिल्या आणि १९९२ मध्ये हार्वी पेनिक या गोल्फ शिक्षकाबरोबर लिहिलेले त्यांचे पुस्तक प्रचंड खपले. कार्टराइट 'टेक्सास मंथली' मासिकाचे नावाजलेले लेखक झाले. अमेरिकेतील क्रीडा संपादकांच्या संघटनेचा रेड स्मिथ पुरस्कार शेरॉड यांना १९८५ मध्ये आणि जेन्किन्स यांना २०१३ मध्ये मिळाला. एका लहान विभागातून इतके लेखक निघाले, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देण्यापूर्वी तिथले काम कसे चालत असे ते पाहू.

शहरातले बलाढ्य पत्र होते 'फोर्ट वर्थ स्टार-टेलिग्राम'. त्याचे मालक एमन कार्टर म्हणजे शहराचे अनभिषिक्त राजेच. त्यांच्या पत्राचा अंक पश्चिम टेक्सासभर जाई. रेडिओ केंद्र आणि १९४८ पासून दूरचित्रवाणी केंद्रही त्यांच्याच हाती होते. 'प्रेस' १९२१ साली निघाला. तो स्क्रिप्स-हॉवर्ड या वृत्तपत्रसाखळीचा होता आणि शहरात कायम दुसऱ्या क्रमांकावर राहिला. पगार कमी, माणसे मोजकी. प्रत्येक सामन्याला बातमीदार पाठवून 'स्टार-टेलिग्राम'शी बरोबरी करणे 'प्रेस'ला शक्यच नव्हते.

आता वेळेचे गणित लक्षात घ्या, कारण माझ्या मते या गोष्टीची किल्ली तिथेच आहे. सायंदैनिकाचे काम पहाटे सुरू होते आणि अंक दुपारी वाचकाच्या हाती पडतो. रात्री झालेल्या सामन्याचा निकाल वाचकाला सकाळच्या पत्रातून किंवा रेडिओवरून आधीच कळलेला असतो. मग दुपारी त्याने पुन्हा पैसे मोजून त्याच सामन्याविषयी का वाचावे? 'अमुक संघाने तमुक संघाला इतक्या गुणांनी हरवले' हे पहिले वाक्य तिथे निरुपयोगी ठरते. लेखकाला दुसरे काहीतरी द्यावे लागते : सामना कोणत्या क्षणी फिरला, प्रशिक्षक कपडे बदलण्याच्या खोलीत काय म्हणाला, हरलेला खेळाडू कसा बसला होता. किंवा निदान वाचकाला हसवावे तरी लागते. सकाळच्या पत्रातल्या बातमीदाराला ही सक्ती नसते. मध्यरात्रीच्या मुदतीत अचूक निकाल दिला की त्याचे काम झाले. 'प्रेस'च्या मुलांचा खोडकर, बोलीभाषेला जवळचा सूर निव्वळ स्वभावातून आलेला नव्हता. तो धंद्याच्या गरजेतूनही आला होता.

माणसे कमी असल्याचा परिणामही असाच. मोठ्या दैनिकात एक जण वर्षानुवर्षे फक्त बेसबॉल लिहितो, मथळे दुसराच देतो, पान तिसरा लावतो. लहान डेस्कवर ही सगळी कामे त्याच चार-पाच जणांना वाटून घ्यावी लागतात. स्वतःच्या मजकुराला स्वतःच मथळा द्यायची वेळ आली, की आपण नेमके काय लिहिले आहे हे लवकर कळते. शिवाय विभागांमधल्या भिंती पातळ असतात. श्रेक यांनी सुरुवात पोलिसांच्या बातम्यांपासून केली आणि मग ते खेळाकडे वळले. कार्टराइट यांनीही आधी गुन्ह्यांच्याच बातम्या दिल्या होत्या. ज्याने पोलीस ठाण्यात रात्री काढल्या आहेत तो खेळाडूंकडे देवासारखा बघत नाही.

शहराचा आकारही मोलाचा होता. फोर्ट वर्थ लहान असले, तरी खेळाच्या दृष्टीने क्षुल्लक नव्हते. टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीचा, म्हणजे टीसीयूचा, अमेरिकन फुटबॉलचा संघ तेथे होता आणि साऱ्या राज्याचे त्याच्याकडे लक्ष असे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गोल्फपटू बेन होगन याच शहरात राहत. फेब्रुवारी १९४९ मध्ये मोटार अपघातात ते मरता मरता वाचले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी अमेरिकन ओपन जिंकली. १९५३ मध्ये तर तीन प्रमुख स्पर्धा. पत्रकारांशी तुटक वागण्याबद्दल ते प्रसिद्ध होते. पण जेन्किन्स टीसीयूच्या गोल्फ संघातले; होगन यांच्याबरोबर ते अनेकदा खेळले. १९५१ ची मास्टर्स स्पर्धा त्यांनी 'प्रेस'साठी लिहिली तेव्हा त्यांचे कॉलेजचे शिक्षणही संपले नव्हते. ती स्पर्धा होगन यांनीच जिंकली. मोठ्या दैनिकात अशी कामगिरी ज्येष्ठांकडे जाते, नवा मुलगा शालेय सामन्यांचे गुण फोनवर उतरवून घेत बसतो.

पण लहानपण एवढेच पुरेसे असते का? तसे असते तर टेक्सासमधल्या प्रत्येक गरीब दैनिकातून कादंबरीकार निघाले असते. इथे शेरॉड यांच्याकडे वळावे लागते. दुसऱ्या महायुद्धात नौदलात काम करून आलेला हा माणूस स्वतः उत्तम लिहीत असे आणि मुलांकडूनही वाक्यावाक्याला नवेपणाची अपेक्षा ठेवी. १९५८ मध्ये ते 'डॅलस टाइम्स हेरल्ड'मध्ये गेले. श्रेक आणि कार्टराइट त्यांच्या मागोमाग गेले, जेन्किन्सही १९६० मध्ये तिथेच दाखल झाले. यावरून तुम्ही असा निष्कर्ष काढाल की महत्त्व माणसाला होते, पत्राला नव्हते. मला तो अर्धाच पटतो. 'टाइम्स हेरल्ड'मध्ये ही मंडळी पोहोचली ती तयार होऊन. लिहायला शिकली ती 'प्रेस'मध्ये, जिथे चुकीची किंमत कमी होती आणि एका संपादकाला मोजकेच तरुण सांभाळायचे होते. 'प्रेस'च्या पदरात यातून काय पडले, हा प्रश्न वेगळा. मुले शिकली की निघून जात. १९७५ मध्ये ते पत्र बंद पडले.

एक सावधगिरी बाळगा. या विभागाविषयी आपल्याला जे माहीत आहे, त्यातले बरेचसे त्याच लेखकांच्या आठवणींतून आलेले आहे. जेन्किन्स यांचे आत्मचरित्र २०१४ मध्ये निघाले. हे सगळे विनोदी लेखक. किस्सा रंगवणे त्यांच्या हाडीमाशी खिळलेले. कचेरीच्या दैन्याच्या आणि रात्रीच्या मैफलींच्या गोष्टी वाचताना थोडी वजावट करायलाच हवी.

शिवाय त्या आठवणींत कोण नाही, तेही पाहा. डेस्कवरचे हे नामवंत सगळे गोरे पुरुष होते. ज्या साउथवेस्ट कॉन्फरन्समध्ये टीसीयू खेळे, त्या गटाच्या फुटबॉल सामन्यांत १९६६ पर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू उतरला नव्हता. फोर्ट वर्थमधील कृष्णवर्णीयांची आय. एम. टेरेल ही शाळा टेक्सासमधल्या तशाच इतर शाळांबरोबर वेगळ्या लीगमध्ये खेळत असे. याच टेरेल शाळेतला जेम्स कॅश पुढे टीसीयूच्या बास्केटबॉल संघात आला आणि त्या खेळात कॉन्फरन्समधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. तो मैदानात उतरला तोवर या चौघांपैकी एकही जण 'प्रेस'मध्ये उरला नव्हता.