भातगिरण्यांची छपरे: पेण आणि रोह्याच्या जुन्या उद्योगवास्तू

पेण आणि रोहा ही रायगड जिल्ह्यातली दोन्ही गावे खाडीच्या भरतीवर वाढली. पेणचा माल अंतोरे बंदरातून धरमतरच्या खाडीत आणि तिथून मुंबईला जाई. रोह्याचा माल कुंडलिकेतून रेवदंड्याकडे उतरे; नदीच्या अल्याड रोहा आणि पल्याड अष्टमी अशी जोड बाजारपेठ तिथे उभी राहिली. या मालात सर्वांत मोठा वाटा भाताचा होता. त्याखालोखाल मीठ आणि जंगलातले लाकूड.

भात पिकवण्यासाठी या भागातल्या शेतकऱ्याने आधी जमीनच घडवली. खाडीचे खारे पाणी अडवायला मातीचे बांध घातले, पावसाचे पाणी बाहेर सोडायला त्यांत उघाड्या बसवल्या आणि मग त्या खारजमिनीत क्षार सोसणारा राता भात लावला. बांध एका ठिकाणी फुटला तरी साऱ्या गावाचे पीक जाई, म्हणून बांधबंदिस्ती कोणा एकाला परवडणारी नव्हतीच. गावाने एकत्र येऊनच ती करायची असे. कोणतीही गोष्ट सामायिक मालकीने कशी सांभाळावी याचा अनुभव या भागात जुना आहे, तो असा.

भात सडण्याचे काम पूर्वी घरोघरी चाले. घिरटावर भात भरडायचे, उखळात मुसळाने सडायचे आणि सुपाने पाखडायचे, ही बायकांची रोजची मेहनत होती. विसाव्या शतकात तेलावर चालणारी इंजिने आणि भात सडणारे हलर आले, तेव्हा हे काम घराबाहेर पडून गिरणीत गेले. खळ्यावरची झोडणी आटोपली की गिरणीच्या आवारात भाताच्या गाड्या लागत. आपला नंबर येईपर्यंत खेड्यापाड्यांतली माणसे तिथेच थांबत; भाव, पाऊस, सोयरीक, कोर्टकचेरी या सगळ्यांची बोलणी तिथे होत. 1948 च्या कूळकायद्यानंतर कुळे हळूहळू जमिनीची मालक झाली आणि खंड म्हणून जाणारे भात शेतकऱ्याच्या घरात राहू लागले. त्यामागे शेजारच्या अलिबाग तालुक्यात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 ते 1939 असा चाललेला चरीचा शेतकरी संप उभा होता. भातगिरणी सावकाराच्या व्यापाराइतकीच सामान्य शेतकऱ्याच्याही उपयोगाची होत गेली, ती याच काळात.

गिरणीची इमारत कामाप्रमाणे घडलेली असे. पुरापासून आणि ओलीपासून धान्य वाचावे म्हणून दगडी जोते उंच. तूस आणि धुरळा वर निघून जावा म्हणून छप्पर उंच, मध्ये खांबांची अडचण नाही, वर लाकडी कैच्या आणि त्यांवर मंगळुरी कौले. एका बाजूला पोत्यांचे गोदाम, समोर भात वाळवायला मोकळे खळे. पेणच्या पोह्यांसाठी भात भिजवून, भट्टीवर भाजून कुटण्याची जी गिरणी लागते, तिलाही अशीच हवा खेळणारी जागा हवी असते. या वास्तूंना कोणी नामांकित वास्तुशिल्पी लाभला नाही, पण कोकणच्या पावसात टिकेल आणि विजेच्या पंख्याविना थंड राहील असे बांधकाम कसे करावे, याचे उत्तर त्यांत आहे.

हलरमध्ये तांदळाची कणी फार होते, म्हणून रबरी रोलरची नवी यंत्रे यावीत, असे सरकारचे धोरण होते. 1958 च्या भातगिरणी नियमन कायद्याने नवी गिरणी काढायला परवाना लागू केला. तो कायदा 1997 मध्ये रद्द झाला. मात्र गिरण्यांचे काम आटले त्याची कारणे यंत्रापलीकडची होती. मालवाहतूक बंदरावरून मुंबई-गोवा महामार्गावर गेली. रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखान्यांची वसाहत झाली, पेण तालुक्यात डोलवीला पोलादाचा कारखाना उभा राहिला. शेतीतली माणसे कारखान्यांत गेली आणि जमिनींना भाव आला. भाताचे क्षेत्र घटले की गिरणीचा पट्टा थांबतो आणि इमारत रिकामी राहते.

रिकाम्या उद्योगवास्तूंचे पुढे काय होते, हे महाराष्ट्राने मुंबईच्या गिरणगावात पाहिले आहे. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर कापड गिरण्या एकेक करून बंद पडल्या. त्यांत कोकणातल्या असंख्य घरांची रोजी होती. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. या लढाईत भांडण झाले ते जमिनीचे. इमारतीचा विचार कोणत्याच पक्षाने पुरेसा केला नाही, आणि हीच त्या सगळ्या प्रकरणातली मोठी चूक म्हटली पाहिजे. दादरच्या इंदू मिलच्या जागेवर डॉ. आंबेडकरांचे स्मारक होत आहे. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योगाच्या संग्रहालयाची योजना आहे. बाकी बहुतेक ठिकाणी मॉल, कचेऱ्या आणि मनोरे आले.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी 1906 मध्ये स्थापन केलेली शाहू मिल बंद पडली, तरी तिच्या इमारती राहिल्या. महाराजांच्या स्मृतिशताब्दीला, 2022 मध्ये, त्याच आवारात प्रदर्शने भरली आणि लोकांनी गर्दी केली. जुनी वास्तू लोकांना आपली वाटते, याचा हा पुरावा आहे. उलट इशारा मुंबईच्या कमला मिलचा. गिरणीच्या त्या आवारात 29 डिसेंबर 2017 रोजी उपाहारगृहांना आग लागून 14 जणांचा जीव गेला. वापर बदलताना बाहेर पडण्याच्या वाटा, वीजजोडणी आणि अग्निशमन यांची फेरतपासणी झालीच पाहिजे.

पेण-रोह्याच्या भातगिरण्यांचा आकार मुंबईच्या गिरण्यांच्या मानाने फार लहान, आणि तेच त्यांच्या पथ्यावर पडणारे आहे. दुरुस्तीचा खर्च नगरपालिकेच्या, सहकारी संस्थेच्या किंवा वाचनालयाच्या आवाक्यात येतो. चुन्यातले बांधकाम असेल तर डागडुजी चुन्यानेच करावी. त्यावर सिमेंटचा गिलावा मारला की ओल भिंतीत कोंडते. किडलेल्या वाशांपुरते लाकूड बदलावे, कौले उतरवून शाबूत तेवढी पुन्हा चढवावीत. सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या भागात 100 चौरस मीटर छपरावर वर्षाला तीन लाख लिटरच्या आसपास पाणी पडते. खळ्याखाली टाकी बांधली तर त्यातले बरेचसे धरता येते.

उपयोगही बाहेरून शोधून आणायला नको. पेण, हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांत गणपतीच्या कारखान्यांना पावसाळ्यात मूर्ती सुकवायला आणि रंगवायला कोरडी जागा कमी पडते. पापड, कुरडया, मिरगुंडे करणाऱ्या महिला गटांना सामायिक कामाची जागा लागते. 24 जुलै 1989 च्या अंबा नदीच्या पुरात नागोठणे आणि जांभूळपाड्याने जे भोगले, त्यानंतर प्रत्येक नदीकाठच्या गावात उंच जोत्याची, पक्क्या छपराची सार्वजनिक जागा असायला हवी होती. वाचनालय, तालीम, लग्नाचे मांडव, बी-बियाण्याचे गोदाम हे सारे एकाच छपराखाली हंगामाप्रमाणे आलटून पालटून चालू शकते.

जमिनीचा वापर ठरवताना इथल्या लोकांनी आपला शब्द एकदा लावून धरला आहे. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांनी 21 सप्टेंबर 2008 रोजी प्रस्तावित विशेष आर्थिक क्षेत्रावर जनमत नोंदवले होते. तोच आग्रह इमारतींसाठी धरण्याची वेळ आहे. पेण आणि रोहा-अष्टमी या दोन्ही नगरपालिकांनी आपल्या हद्दीतल्या जुन्या गिरण्या, गोदामे आणि बंदरावरच्या वखारी मोजून त्यांचे नकाशे करावेत, आणि विकास आराखड्याच्या पुढच्या फेरीत त्यांवर सार्वजनिक वापराचे आरक्षण टाकावे. विक्रीचा करार झाल्यावर ते करता येत नाही.