केजीच्या मागे 'एस' का लागत नाही?

तांदळाच्या पोत्यावर किंवा दुकानाच्या बिलावर 'फाइव्ह केजीएस' असं लिहिलेलं तुम्ही कितीदा तरी पाहिलं असेल. इंग्रजीत अनेकवचन म्हणजे शेवटी 'एस', मग यात चुकलं काय? त्यासाठी जरा फ्रान्समध्ये जाऊया.

साल 1795. राज्यक्रांतीनंतरचा काळ. तोवर तिथे गावागणिक मापं वेगळी होती. एका गावातलं माप दुसऱ्या गावात चालेलच असं नाही. मग कायद्यानं मीटर, लिटर, ग्रॅम आले. माप सगळ्या लोकांचं आणि सगळ्या काळांचं असावं, ही त्यामागची कल्पना.

पण माणसं बोलणार आपापल्या भाषेतच ना! इंग्रजीनं मीटरचं 'मीटर्स' केलं, ग्रॅमचं 'ग्रॅम्स'. आपण मात्र 'दोन मीटर कापड', 'पाच लिटर दूध' म्हणतो, रूप बदलतच नाही. दोन्ही बरोबर. कारण एककाचं नाव हा त्या त्या भाषेचा शब्द असतो, आणि त्याला व्याकरणही तिचंच.

इंग्रजीतही अपवाद आहेतच. हर्ट्झ, लक्स आणि सीमेन्स कितीही असले तरी तसेच राहतात. सीमेन्सची तर गंमतच. हे नाव वेर्नर फॉन सीमेन्स या जर्मन संशोधकाच्या आडनावावरून 1971 साली स्वीकारलं गेलं. शेवटचा 'स' आडनावातलाच, त्यामुळे एक असला तरी 'एक सीमेन्स'च. केल्विनचं उलट झालं. आधी म्हणायचे 'डिग्रीज केल्विन'. 1967 साली 'डिग्री' गेली आणि अनेकवचन थेट 'केल्विन्स' झालं.

आता आपला केजी. तो किलोग्रॅमचा शॉर्टफॉर्म नाही, ते चिन्ह आहे, गणितातल्या अधिक-उणेसारखं. म्हणून त्याच्यापुढे टिंब नाही. हे 1948 च्या आंतरराष्ट्रीय परिषदेतच ठरलं. आणि अनेकवचनाचा 'एस'ही नाही. कारण या पद्धतीत छोटा 'एस' म्हणजे सेकंद! केजीला तो चिकटवला, की वजनात उगाच वेळ मिसळल्यासारखं होतं.

म्हणजे 1795 ची ती कल्पना नावांनी नाही, चिन्हांनी पुरी केली. लातूरचं डाळीचं पोतं असो नाहीतर टोकियोतली प्रयोगशाळा, केजी सगळीकडे तोच. तिथे इंग्रजीचा 'एस' लावला, की सगळ्यांचं चिन्ह एकाच भाषेचं होऊन बसतं.

तर मंडळी, पुढच्या वेळी कुठे 'केजीएस' दिसलं, की तो 'एस' मनातल्या मनात खोडून टाका. भेटू पुढच्या भागात!