ठिपका की डी?

दरवर्षी गौरीजेवणाला आमच्या घरी पुरणपोळीबरोबर एक वाद वाढला जातो. थोरले दादा बी.एस्सी., मधला अण्णा इंजिनियर. जगातला सर्वांत अवघड कॅलक्युलस कोणता? तर ज्याचा त्याचा! "तुमचं काय रे, सूत्र लावा नि पूल बांधा. आम्हाला सिद्ध करावं लागायचं!" इति दादा. "तुमची सिद्धता चुकली तर नदीत कोण पडतं?" इति अण्णा. मी बी.कॉम., बँकेतला कारकून. या वादात माझं काम खीर वाढण्याचं.

यंदा दादांच्या चिरंजिवांना इंजिनियरिंगच्या एम-टूमध्ये केटी लागली, आणि वादाला भलतीच धार आली. पोरगं मान खाली घालून पोळीचे तुकडे करीत होतं. मला राहवेना. कॅलक्युलस येत नसला तरी त्याच्या भानगडी मी वाचल्या आहेत; त्याला गणित लागत नाही.

हा विषय दोघांनी शोधला. न्यूटनने आधी, पण कागद पेटीत ठेवले. लायब्निझने मागून, पण 1684 मध्ये छापून मोकळा झाला. मग चोरीचा आळ. 1712 मध्ये रॉयल सोसायटीने चौकशी समिती नेमली. सोसायटीचा अध्यक्ष न्यूटन, आणि अहवालही बव्हंशी त्यानेच लिहिलेला! आमच्या बँकेतसुद्धा तक्रारदाराला इतकी सवलत नाही.

झालं! इंग्रज इरेला पेटले. न्यूटन बदलाचा वेग दाखवायला अक्षराच्या डोक्यावर ठिपका देई, म्हणून केंब्रिजची पोरं शंभर वर्षं ठिपके देत बसली. लायब्निझचं डी-वाय बाय डी-एक्स सुटसुटीत. कशाच्या मानाने काय बदलतंय ते दिसतं तरी. बर्नूली, ऑयलर त्याच वाटेने पार पुढे निघून गेले. म्हणजे विषय एकच, पण केंब्रिजचा अभ्यासक्रम एका टिंबापायी अवघड!

शेवटी 1812 मध्ये बॅबेज, हर्शेल, पीकॉक या विद्यार्थ्यांनीच मंडळ काढलं, 1816 मध्ये लाक्रॉचं फ्रेंच पुस्तक इंग्रजीत आणलं, आणि 1817 मध्ये पंचविशीतला पीकॉक परीक्षक होताच त्याने पेपरात सरळ 'डी' घातला. (परीक्षकच फितूर झाल्याशिवाय अभ्यासक्रम बदलत नाही, हे तेव्हापासूनचं.) त्याच परीक्षेत 1899 साली आपले र. पु. परांजपे पहिल्या क्रमांकाचे वाटेकरी, सीनिअर रँग्लर झाले.

"बघ, बघ!" दादा चिरंजिवांकडे वळले. रँग्लरांचं नाव काढलं ही माझी चूक.

"दादा, थांबा. त्या यादीत शेवटचा येई, त्याला पदवीदानाच्या वेळी दोस्तमंडळी भला थोरला लाकडी चमचा देत. 1909 पर्यंत चाललं हे. आणि तो शेवटचासुद्धा ऑनर्सने पास झालेला असायचा!"

पोरगं पहिल्यांदाच वर बघून हसलं. "काका, मी तर त्या यादीतही नाही. पण ऑक्टोबरात बसतोय." मग उठून त्याने माझ्या हातातला डाव घेतला. "आणा इकडे, खीर मी वाढतो."

अण्णांच्या वाटीत त्याने जरा कमीच वाढली.