टोपीकराचा कौल

मळवलीला लोकलमधून उतरून भाज्याच्या वाटेने तुम्ही लोहगड चढलात आणि महादरवाज्याच्या गारव्यात घटकाभर डोळे मिटलेत. उघडता तर खाली पवनेचं धरण नाही. शेतांमधून नदीची नुसती रेघ. इंद्रायणीच्या अंगाला रूळ नाहीत, बोरघाटाकडून येणाऱ्या लमाणांच्या बैलांच्या घंटा तेवढ्या ऐकू येतायत. साल 1803.

तटावरचा एक मावळा तुम्हाला जवळ ओढतो. "वर जाऊ नका. पंत घुश्श्यात हायेत. टोपीकराचा सांगावा आलाय."

पंत म्हणजे किल्लेदार धोंडोपंत. पेशवाईचे कारभारी नाना फडणीस 13 मार्च 1800 रोजी गेले. त्यांची कोवळ्या वयाची विधवा जिऊबाई याच गडावर आहे, आणि पेशवा बाजीरावाच्या हाती तिला पडू द्यायचं नाही हा पंतांचा हट्ट. टोपीकराने आधी कौल दिला होता : पेशव्यांशी इमान राखा, किल्ला तुमच्याकडेच राहील. पण पेशवे जवळच्या देवळाला निघाले आणि पंतांनी गडावरून मारा केला. आता सांगावा एकच. किल्ला खाली करा, नाहीतर आम्ही चालून येतो.

हा टोपीकर म्हणजे इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. आयर्लंडातल्या मॉर्निंग्टनच्या अर्लचा मुलगा. इंग्रजांकडे पलटणीतला हुद्दा पैसे मोजून मिळे. यानेही भावाच्या पैशावर 33व्या पलटणीतली लेफ्टनंट कर्नलची जागा घेतली. तोच भाऊ कलकत्त्याला गव्हर्नर जनरल आहे. पण याला नुसता घराण्याचा बडेजाव समजू नका. 20 एप्रिलला बाजीरावाच्या मदतीला रात्रभर घोडी दामटून यानेच पुणं गाठलं. याच साली 23 सप्टेंबरला असईच्या मैदानात शिंदे-भोसल्यांच्या तोफांपुढे त्याची दीड हजारांवर माणसं पडली, तरी तो हटला नाही.

तुम्हाला पुढचंही ठाऊक आहे : 1815 ला वॉटर्लू, 1828 ला इंग्लंडचं पंतप्रधानपद. इतिहासाची पुस्तकं तिथेच रेंगाळतात. मला मात्र त्याची खरी ताकद इथे दिसते. लोहगडासारखा बेलाग किल्ला त्याने शब्दावर घेतला, आणि पेशव्याच्या राज्यात पेशव्यापासून अभय द्यायचं तर ते इंग्रजाने, हे एका कौलात ठरून गेलं. मावळासाठी ही असईहून मोठी हार होती.

करार होतो. पंतांनी इंग्रजांच्या आश्रयाला ठाण्यास जायचं, बाईंनी पनवेलला राहायचं, सालीना 12,000 रुपये. पुढे 1804 मध्ये वेलस्ली तिला भेटला, आणि ती गोरीपान नि फार देखणी असल्याचं लिहून गेला. नवरा, वाडा, गड, सगळं गमावलेल्या मुलीबद्दल एवढंच.

जिऊबाईचा मेणा निघतो. तुम्ही भिंतीला पाठ लावून वाट देता. महादरवाजा, हनुमान दरवाजा, नारायण दरवाजा. सगळ्यात खाली गणेश दरवाजा. या दरवाज्यांचं काम नानांनीच करवून घेतलं होतं. भोयांचा हुंकार वळणावळणाने खाली जातो, आणि तो मावळा खांद्यावरची बंदूक उतरवून पायरीवर ठेवतो.