दृष्टिसंवेदन आणि संगणकीय दृष्टी

माणसाला डोळा व मेंदू यांद्वारे होणारे दृश्याचे आकलन आणि संगणकाने प्रतिमेतील पिक्सेलांवरून केलेली वस्तूंची ओळख, या दोन प्रक्रियांची तुलना. दोहोंच्या रचनेत नाते आहे. डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल यांनी १९५९ मध्ये मांजराच्या मेंदूत ठरावीक कलाच्या रेषांना प्रतिसाद देणाऱ्या पेशी दाखवल्या. त्या शोधाच्या आधारे कुनिहिको फुकुशिमा यांनी १९८० मध्ये निओकॉग्निट्रॉन हे उदाहरणांवरून शिकणारे थरबद्ध न्यूरल नेटवर्क मांडले. त्याच परंपरेतील अ‍ॅलेक्सनेट या नेटवर्कने २०१२ ची इमेजनेट ही छायाचित्रांतील वस्तू ओळखण्याची स्पर्धा जिंकली. म्हणून यंत्र माणसासारखेच पाहते, असे मानणे मात्र चुकीचे आहे, कारण समोरच्या पुराव्यांपैकी कशाला किती वजन द्यायचे, हे दोघे वेगवेगळे ठरवतात.

महाड तालुक्यातील पाचाड या रायगडाच्या पायथ्याच्या गावातून गड पाहताना हा भेद स्पष्ट होतो. गडाचा कडा बेसाल्टचा आणि तटबंदीही त्याच काळ्या दगडाची. रंग आणि पोत जवळजवळ एकच. त्यात लाव्ह्याच्या आडव्या थरांमुळे कातळही रचल्यासारखा भासतो. तरीही बुरुजाची गोलाई, तटाची सलग कड आणि इथे गड आहे ही माहिती यांवरून माणूस बांधकाम वेगळे काढतो. यंत्राचा कल निराळा. रॉबर्ट गाइरहोस व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मांजराच्या आकृतीवर हत्तीच्या कातडीचा पोत चढवला होता. माणसांनी मांजर ओळखले, न्यूरल नेटवर्कने हत्ती. पोतावर विसंबणाऱ्या अशा यंत्राचा मुख्य आधारच पाचाडच्या दृश्यात सुटतो.

हा दोष केवळ प्रशिक्षणाचा आहे, असा आक्षेप घेता येईल. तो बराचसा खरा आहे. त्याच संशोधकांनी पोत बदललेल्या चित्रांवर शिकवून नेटवर्कला आकाराकडे वळवले. पण त्यातून मूळ मुद्दाच पक्का होतो. नजर शिकवणीतून घडते, आणि माणसाची शिकवण स्थिर छायाचित्रांवर झालेली नसते. चढण चढताना जवळचा बुरूज मागच्या कड्यावरून सरकताना दिसतो आणि खोली कळते. माणूसही फसतो, हा दुसरा आक्षेपही योग्य आहे. धुक्यात पूर्वज्ञानच त्याला कातळाच्या थरांत भिंत दाखवते. शिवाय त्याची तीक्ष्ण नजर मध्यबिंदूभोवतीच्या सुमारे दोन अंशांपुरतीच असते. हजारो छायाचित्रे न थकता ताडून चिऱ्यांतली नवी भेग टिपणे यंत्रालाच साधते. रायगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्यावर अशा बदलांच्या नोंदींची गरज वाढली आहे. त्यासाठी यंत्राच्या अचूकतेची टक्केवारी पुरेशी नाही. त्याचे उत्तर कोणत्या पुराव्यावर बरोबर आले हे तपासले, तरच ते नव्या दृश्यातही टिकेल की नाही, हे सांगता येते.